सतरा नंबरचा सामू

मंगळवारी सकाळी डॉक्टर मुहुमुझांनी एक कागद माझ्यासमोर ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "स्कोविया, या कागदाचं खरं मानायचं तर सतरा नंबर म्हणजे तू आहेस."

माझ्याबरोबर काम करणारी अपोलोत पलीकडच्या टेबलावर काचा पुसत होती. ती खिदळली. "तरी मी म्हणत होते, हा सतरा नंबर इतका हट्टी कुणावर गेलाय!"

मीही हसले. हसताना वरचा ओठ सुकून दातांना चिकटल्यासारखा झाला. डॉक्टर हसले नाहीत. वर्षातून एकदा आमच्या प्रयोगशाळेतल्या सगळ्या पेशींची ओळख पटवून घ्यावी लागते. बाटल्यांत वाढणाऱ्या पेशी एकमेकींत मिसळल्या नाहीत ना, एकीच्या नावावर दुसरीच जगत नाही ना, याची खात्री करायची. पेशींबरोबर त्यांना हात लावणाऱ्या माणसांचेही नमुने जातात, गालाच्या आतून काडी फिरवून घेतलेले. यंदा सतरा नंबरच्या खुणा आणि माझ्या गालाच्या खुणा एकाखाली एक छापून आल्या होत्या. दोन रांगा, आणि एका आकड्याचाही फरक नाही. सतरा नंबर ही एका बाईच्या स्तनातली गाठ होती. बाई चौतीस वर्षांची, टेकडीखालच्या मोठ्या इस्पितळातून आलेली. नाव आम्हाला कळत नाही, कळू देत नाहीत. फक्त नंबर, वय आणि तारीख.

"काड्या कुणी भरल्या होत्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी."

"चिठ्ठ्या?"

"मीच लावल्या."

"मग नळ्यांची अदलाबदल झाली. दुसरं काय असणार? तुझ्या तोंडातून उडालेल्या पेशी बाटलीत पडून आठ महिने वाढत नाहीत, हे मी तुला शिकवायला नको." ते चिडलेले नव्हते, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली. "शुक्रवारपर्यंत शोधून काढ. तोवर सतरा नंबरवरचं काम बंद. आणि खरं सांगायचं तर, ही चूक तुझी निघाली तर तुझ्या हातून गेलेलं बाकीचं सगळंच मला उलटून बघावं लागेल."

"बघते," मी म्हटलं. पण बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. डॉक्टरांचं दुसरं वाक्य संपण्याआधीच मला कळलेलं होतं. कागदावरच्या त्या दोन सारख्या रांगा मी जन्मभर पाहत आले होते. एका ताटात जेवताना, एका आरशात वेणी घालताना. चौतीस वर्षं. मीही त्या तारखेला चौतीसच वर्षांची होते.

मी उठून उबेच्या कपाटाकडे गेले. आत कायम माणसाच्या अंगाएवढी ऊब असते. दार उघडलं की तोंडावर एक दमट, गोडसर वाफ येते, चौदा वर्षं रोज येते, आणि कधी तिचं काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र कुणी अगदी जवळून उच्छ्वास सोडावा तशी ती गालाला लागली. मधल्या फळीवर सतरा नंबरची तबकडी होती, चोवीस वाट्यांची. प्रत्येक वाटीच्या तळाशी तिळाएवढा ठिपका चिकटवलेला असतो. खालून निळा उजेड पडला की ठिपका चमकतो, आणि भोवतीचा द्रव आंबट होत जाईल तशी ती चमक बदलते. यंत्र दर दहा मिनिटांनी ती वाचतं आणि सामूचा आकडा लिहितं. आकडा जितका खाली तितकं आंबट. झाकण उघडावं लागत नाही, सुई बुडवावी लागत नाही, पेशींना पत्तासुद्धा लागत नाही की कुणी आपली चव घेतंय. अपोलोत त्या ठिपक्यांना जिभा म्हणते. "जिभा लावल्यास का गं?" असं ती सकाळी दारातूनच ओरडते. कॅन्सरच्या पेशी साखर खातात आणि आम्ल टाकतात, हावरटासारख्या खातात आणि भोवतालचं सगळं आंबवून सोडतात. औषध लागू पडतंय की नाही, ते पेशी मरायच्या कितीतरी आधी त्या आंबटपणावरून कळतं. म्हणून आम्ही मोजतो.

सतरा नंबरची एक खोड होती. ताजं अन्न दिल्यावर पाच-सहा तास तिचा आकडा इतरांसारखाच घसरत यायचा. सहा पूर्णांक आठ दशांशापाशी आला की थांबायचा. तासभर तिथंच, वर नाही की खाली नाही. जिना उतरताना कुणी मधल्या पायरीवर टेकावं तसा. मग पुन्हा उतरायला लागायचा. बाकी एकाही नमुन्यात हे नव्हतं. डॉक्टरांनी त्यावर दोन भाषणं दिली होती. मला ती पायरी आवडायची. सकाळी आल्यावर यंत्रावर रात्रीचा ग्राफ उघडायचा आणि आधी ती पायरी शोधायची. सापडली की बरं वाटायचं, घरातलं माणूस जागच्या जागी आहे असं वाटायचं. हे मी आठ महिने करत होते. आता काचेवर हात टेकून मी उभी राहिले आणि मनात आलं, आठ महिने ही माझ्या समोर आहे. रोज मी हिला जेवायला घातलंय. आणि रोज मोजलंय की ही किती आंबट झाली.

आमचे वडील मसाका गावाच्या अलीकडे केळीची दारू गाळायचे. लाकडाच्या होडीसारख्या डोणीत पिकलेली केळी पायांनी तुडवायची, रस गाळायचा, भाजलेली ज्वारी मिसळायची आणि केळीच्या पानांनी झाकून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी वडील माझ्या बहिणीला, बाबिर्येला, हाक मारायचे. मला नाही. ती पान उचलून करंगळी बुडवायची, जिभेच्या टोकाला लावायची, डोळे मिटायची आणि सांगायची, "अजून दुपारपर्यंत," किंवा, "झाली. आत्ता काढा, नाहीतर चढेल." तिचं कधी चुकलं नाही. मीही करंगळी बुडवायचे. मला नुसतं आंबट लागायचं. "धाकटे," ती म्हणायची, मी तिच्याहून दहा मिनिटांनी लहान होते म्हणून, "धाकटे, तुझी जीभ लाकडाची आहे. तू पुस्तकंच वाच." ती कच्चे आंबे, लिंबं, वेलीवरची न पिकलेली फळं खायची आणि तिला काही व्हायचं नाही, मला नुसतं बघून दातांना झिणझिण्या यायच्या. आमच्यात एवढाच फरक होता. बाकी आम्ही पाठमोऱ्या असलो की आईसुद्धा चुकायची.

आमच्याकडे जुळ्या मुलींची नावं शोधावी लागत नाहीत. आधी येते ती बाबिर्ये, मागून येते ती नकातो. म्हणजे नकातो असं नुसतं सांगितलं तरी ऐकणारा विचारतो, बाबिर्ये कुठे असते? या प्रश्नाला उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून मी सहा वर्षांपूर्वी कागदांवरून ते नाव काढून टाकलं. शहरात मी स्कोविया नालवांगा. अपोलोत सोरोटीकडची, डॉक्टर पश्चिमेकडचे, दोघंही दुसऱ्या मुलखातले आणि त्यानंतर इथं आलेले, कुणी खोदून विचारलं नाही. सहा वर्षांत मला एक बहीण आहे हे या इमारतीत एकदाही बोललं गेलं नव्हतं.

त्या दिवशी मी पुढं काय केलं ते मला नीट आठवत नाही. नळ्यांच्या नोंदी काढून बसले होते खरी. अपोलोतनं डब्यातलं कच्च्या केळ्यांचं उकडलेलं मटोके आणि शेंगदाण्याची आमटी माझ्यापुढे सरकवली. "खा गं, असली चूक माझ्या हातून होत नाही, तुझ्या हातून काय होणार," असं म्हणाली, आणि मी डबा तसाच परत सरकवला. नोंदवहीत एक गोष्ट मात्र मी पाहिली. सतरा नंबरचा तुकडा आला ती तारीख, आणि त्यातल्या पेशींनी पहिल्यांदा बाटलीचा तळ धरला ती तारीख. शेजारी माझ्याच अक्षरात लिहिलेलं, "पेशी चिकटल्या. छान पसरताहेत." तो बुधवार होता. त्याच आठवड्यातल्या शनिवारी माझ्या फोनवर मेहुण्याचा, सेंटोंगोचा, फोन आला होता. तो एवढंच म्हणाला, "नकातो, बाबिर्ये उडाली." आमच्याकडे जुळ्यातलं एक गेलं तर मेलं असं म्हणत नाहीत. उडालं म्हणतात. मेलं म्हटलं तर राहिलेल्या दुसऱ्याला लागतं अशी समजूत आहे.

मी दोन दिवसांनी गेले. मुद्दाम उशिरा गेले, हे आता लिहायला हरकत नाही. माती देऊन झाली होती, मंडळी पांगली होती. सेंटोंगो अंगणात बसला होता, त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मान फिरवली. मान फिरवूनच बोलत राहिला. ती दोन महिने शहरात होती, म्हणाला, मोठ्या इस्पितळात. तुला कळवू नको म्हणाली. मी विचारलं, का? तो म्हणाला, "मला काय विचारतेस? तुझं तोंड तुझ्यापाशी आहे, त्यालाच विचार." मुलीला त्यानं आत्याकडे पाठवलं होतं. मी पाणीसुद्धा न पिता परत आले. टॅक्सीत खिडकीच्या काचेत मला माझा चेहरा दिसत होता आणि बाहेर बघायचं तर त्याच्यातूनच बघावं लागत होतं.

का कळवू नको म्हणाली, ते मला ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी आईच्या शेवटच्या विधींना सगळं गोत जमलं होतं, भर दुपारची जेवणं चालली होती. काकांनी कौतुकानं माझ्याकडे बोट केलं, ही आमची विद्यापीठवाली. तेव्हा बाबिर्ये केळीच्या पानावर वाढता वाढता हसून म्हणाली, "हिच्या विद्यापीठाचा पाया माझ्या हातांनी घातलाय. रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला हिच्या जागी मी बसले होते, विचारा!" सगळे हसले. गंमत म्हणूनच हसले, कुणी खरंही धरलं नसतं. पण त्यांच्यात माझ्या खात्यातली, आता निवृत्त झालेली, दोन माणसं होती, सांत्वनाला आलेली. मी म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, "खोटं बोलते ही. हिला शाळा सोडावी लागली त्याची जळफळ आहे." बाबिर्येच्या हातात वाढायचं पातेलं होतं. ते तिनं खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. डोणीवरचं पान उचलून करंगळी जिभेला लावल्यावर ती जशी थांबायची ना, तशी थांबली. मग आत गेली. त्यानंतर आम्ही बोललो नाही.

आणि ते खरं होतं. शेवटच्या परीक्षेच्या त्या सकाळी मला हिवताप चढला होता, हात इतके थरथरत होते की पेनसुद्धा धरता येत नव्हतं. बाबिर्येला चौथा महिना होता. स्वेटरखाली लपवला होता, पण वसतिगृहाच्या बाईंना संशय आला होता, आठवड्याभरात तिला काढणारच होते. "मला तरी कुठे पास करतायत," ती म्हणाली, माझं ओळखपत्र गळ्यात घातलं, माझ्या नंबरच्या टेबलावर जाऊन बसली. तिच्या नंबरपुढे गैरहजर लागलं. मी पलंगावर पडून होते आणि मला दिसत होतं, काचेच्या लांब नळीतून थेंब थेंब सोडणारे हात, खाली फिरवत ठेवलेला चंबू, एका थेंबानं पालटणारा रंग, आणि बरोबर त्याच थेंबाला थांबणं. मला ते कधीच जमलं नव्हतं, मी नेहमी एक थेंब जास्त सोडायचे. त्या विषयात मला वरची श्रेणी मिळाली. त्या श्रेणीवर विद्यापीठ, विद्यापीठावर ही प्रयोगशाळा. चौदा वर्षं मी आंबटपणा मोजायचं काम करतेय, आणि ज्या दिवशी मला तो मोजता येतो की नाही हे तपासलं गेलं, त्या दिवशी मोजणारी मी नव्हतेच.

बुधवारी मी आंघोळीला उभी असताना माझा हात आपोआप डाव्या बाजूला गेला. दाबत गेले, गोल गोल, खालून वर. तिथं काही नव्हतं. उजवीकडे काही नव्हतं. पण हात कुणाचा आणि अंग कुणाचं, ते मला क्षणभर कळेना. साबण तसाच अंगावर सुकला.

त्याच सकाळी मी टेकडी उतरून इस्पितळात गेले. कागद कुणी दाखवणार नाही हे माहीत होतं, आणि मी मागणारही नव्हते. नुसतं त्या वॉर्डात जाऊन यायचं होतं. वाटेतल्या दिव्यांच्या खांबांवर करोळी पक्षी बसले होते, टकले, गळ्याखाली पिशवी लोंबणारे, कचऱ्याकडे डोळा लावून. वॉर्डाच्या दारात एक वयस्क नर्स औषधांची गाडी ढकलत येत होती. तिनं वर पाहिलं आणि गाडी सोडली. गाडी उताराला लागून भिंतीवर आपटली, बाटल्या खणखणल्या. नर्सचा हात गळ्यातल्या क्रूसावर गेला.

"तुम्ही," ती म्हणाली, "तुमचा पलंग तर मी... तुम्हाला तर मी स्वतः..."

"मी ती नाही," मी म्हटलं. आणि मग, सहा वर्षांनी पहिल्यांदा, "आम्ही जुळ्या. मी धाकटी."

तिचं नाव सिस्टर रेस्टिट्यूटा. तिनं मला बाकावर बसवलं, स्वतःही बसली. मग म्हणाली, "कागदातलं मी काही सांगणार नाही हां बाई. आमच्यावर बंधन आहे."

"नका सांगू. कागदाबाहेरचं सांगा."

"कागदाबाहेरचं?" तिनं पदराला पुसावेत तसे हात एप्रनला पुसले. "फार बडबडी होती. औषधानं तोंड कडू पडतं ना सगळ्यांचं, तर ही लिंबू चोखायची. शेजारणींना पण लावली सवय. वॉर्डभर लिंबाच्या साली. मी ओरडले तर म्हणाली, सिस्टर, वास तरी बघा, फिनाइलपेक्षा बरा. खिडकीजवळचा पलंग हवा म्हणून हटून बसली. दिवसभर तिकडे वर बघत असायची. मला वाटायचं, पक्षी बघते."

मी खिडकीकडे पाहिलं. टेकडीवर आमची इमारत होती. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या इथून मोजता येत होत्या. डावीकडून चौथी माझी.

"गाठीचा तुकडा ठेवून घेतात, त्याची परवानगी मी विचारायला जाते सगळ्यांकडे," सिस्टर म्हणाली. "कोण काय करतं, कोण काय. बऱ्याच जणी घाबरतात. हिनं विचारलं, कुठं नेतात? मी बोट केलं, त्या तिथं, वर. हिनं बघितलं. म्हणाली, 'मग लांब नाही.' आणि सही केली." मग तिनं विचारलं, "तुम्ही भेटायला का नाही आलात?"

मी पुन्हा डावीकडून खिडक्या मोजायला लागले. तिनं पुन्हा विचारलं नाही. उठताना माझ्या गालाला हात लावून पाहिला, ताप पाहतात तसा, आणि गाडी ढकलत निघून गेली.

गुरुवारी मी कामावर गेले नाही. घरी दिवसभर पलंगावर बसून होते. जो नंबर रोज मोजायचा तो सोडून बाकी सगळे आकडे डोक्यात येत होते. ती दोन महिने त्या खिडकीत होती. साठ दिवस. त्या साठ दिवसांत मी किती वेळा खिडकीशी उभी राहून चहा प्यायले असेन? तिला मी दिसले असेन का? एवढ्या लांबून चेहरा दिसत नाही. पण मला ती कितीही लांबून ओळखता आली असती, नुसत्या उभं राहण्यावरून. म्हणजे तिलाही आली असेल. मग तिनं हात केला असेल का? हा प्रश्न मला सोडेना. बसल्या जागी मी तो इतक्या वेळा विचारला की शेवटी शब्दांचा अर्थच गेला. वाटायचं, तिनं तुकडा दिला तो माफी म्हणून. मग वाटायचं, नाही, टोमणा म्हणून. हे घे, आता नीट मोज, एक थेंब जास्त सोडू नकोस. आणि मग वाटायचं, यातलं काहीच नसेल. तिला कुणी काही मागितलं की ती देऊन टाकायची. परीक्षा दिली तशी. मला माझ्यापुरता अर्थ हवा होता म्हणून मी तिच्या सहीला धरून ओढत होते.

शुक्रवारी मी डॉक्टरांच्या खोलीत गेले. अपोलोत तिथंच होती, फाइली लावत. ती बाहेर जायला निघाली तर मी म्हटलं, "थांब, तूही ऐक."

"नळ्यांची अदलाबदल झालेली नाही," मी म्हटलं. "तपासणी बरोबर आहे. मी जुळ्यातली. माझं नाव नकातो. सतरा नंबर माझी बहीण आहे. आहे म्हणजे होती."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. अपोलोतच्या हातातली फाइल तशीच राहिली. मग ती माझ्याजवळ आली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तिला सतरा नंबरच्या हट्टाचं ते बोलणं आठवत असणार. मला ते आठवू नये असं तिला वाटत असणार.

"इतकी वर्षं बोलली नाहीस," डॉक्टर म्हणाले.

"अजून एक आहे." आणि मी परीक्षेचंही सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. सांगताना आवाज सरळ होता, स्वतःलाच नवल वाटलं.

ते खिडकीबाहेर बघत होते. "हे मी ऐकलं नाही असं समजू?"

"नाही. ऐकलंत तुम्ही."

ते पुढं त्यावर बोलले नाहीत. आजपर्यंत बोललेले नाहीत. त्याचं ते काय करणार आहेत, करणार आहेत की नाही, मला माहीत नाही. मीही विचारलेलं नाही. त्या दिवशी त्यांनी बाकीचं ठरवलं. सतरा नंबरला मी हात लावायचा नाही, ते काम अपोलोत करील. परवानगी कागदावर आहे, ती कायद्यानं चालते. पण ओळख आता उघडी पडलीय, तेव्हा घरच्यांना विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही. नको म्हणाले तर सगळं नष्ट करायचं, गोठवलेल्या बाटल्यांसकट. "आणि तू," ते म्हणाले, "तुझी तपासणी कधी केलीस?" मी मान हलवली. त्यांनी तिथंच फोन उचलला. सोमवारी माझी तपासणी झाली. आज काही नाही, दर सहा महिन्यांनी यायचं, असं सांगितलं. दर सहा महिन्यांनी आता मी जाते. पण ते पुढचं. शनिवार आधी आला.

शनिवारी सकाळी मी सेंटोंगोचा नंबर लावला. तीनदा वाजून बंद झाला. चौथ्यांदा कुणीतरी उचलला, पण बोलेना. कोंबड्यांचा आवाज येत होता, लांबवर कुणी लाकूड फोडत होतं.

"हॅलो," मी म्हटलं, "कोण बोलतंय?"

पलीकडे श्वास थांबलेला मला ऐकू आला. मग एक बारीक आवाज, मुलीचा.

"आई?"

मी भिंतीला टेकले. माझा आवाज कसा आहे याचा मी कधी विचारच केला नव्हता. कागद, चेहरा, गाठ, सगळ्यांचा केला होता.

"नाही गं," मी म्हटलं. "मावशी बोलतेय. नामाटोवू ना तू?"

"हो." तिनं नाक ओढलं. "माहितीय मला. आई गेली तेव्हा मी तिथंच होते, तिचा हात माझ्याच हातात होता. ते आपलं तोंडातून निघून गेलं. बाबा केळीत गेलेत. बोलावू?"

"बोलावशील मग. आधी तुझ्याशीच बोलते."

मी तिला सगळं सांगितलं. सतरा वर्षांची पोर, तिला कळेल अशा भाषेत सांगायचा प्रयत्न केला आणि मध्येच कळलं की तिला कळतंय. तिनं दोनच प्रश्न विचारले. त्या पेशींना दुखतं का? नाही, म्हटलं. त्यांनी कुणाला बरं वाटेल का? म्हटलं, एखादे वेळी, खूप वर्षांनी, सांगता येत नाही. मग मी परीक्षेचं सांगितलं, आणि जेवणाच्या पंगतीत मी काय बोलले तेही.

"ते माहितीय," ती म्हणाली. "आई सांगायची."

"काय सांगायची?"

"काही नाही, हसायची. म्हणायची, रंग पालटला आणि तेवढ्यात तू पोटात अशी हललीस, माझ्या हातून आणखी एक थेंब पडणारच होता. पहिल्यांदा हललीस ती तेव्हा, म्हणायची." ती थोडी थांबली. "पंगतीतलं नाही सांगितलं कधी. ते बाबांनी सांगितलं, आई गेल्यावर."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तीच बोलली. "तर ते ठेवायचं की टाकायचं, ते विचारताय ना?"

"हो. तुम्ही म्हणाल तसं."

"आईनं सही केली होती ना?"

"केली होती."

"मग कशाला विचारायचं? ती एकदा हो म्हणाली की परत विचारलेलं तिला चालायचं नाही. चिडायची. बाबांना मी सांगते. ते आधी आरडाओरडा करतील, उडालेलीचे पाय धरून ठेवलेत म्हणून. मग गप्प बसतील."

लाकूड फोडणं थांबलं होतं. फोन ठेवायची वेळ झाली असं मला वाटलं. मी म्हटलं, "बरं तर, बाबांना सांग, मी सोमवारी पुन्हा..."

"मावशी."

"काय गं?"

"मघाशी तुम्ही पहिल्यांदा म्हणालात ना, मी उचलला तेव्हा. ते परत एकदा म्हणाल?"

"काय म्हणाले मी?"

"हॅलो, कोण बोलतंय. तेवढंच. मी डोळे मिटते, मग म्हणा."

मी थांबले. तिकडे कोंबड्या होत्या, वारा असावा, केळीची पानं घासल्यासारखा आवाज येत होता. तिनं डोळे मिटले असतील असं वाटलं तेव्हा मी फोन तोंडाजवळ घेतला.

"हॅलो," मी म्हटलं. "कोण बोलतंय?"

"मी, आई," ती म्हणाली. "मी आहे."